बोनारियाचं पिंप

११ जानेवारी, रविवार

एलिजियोने आज जेवताना जाहीर केलं की ईस्टरला पिंपघराशेजारची गाढवाची जुनी खोली पाहुण्यांसाठी उघडायची. पाहुणे म्हणजे बोटीतून नि विमानातून उतरणारे जर्मन आणि मिलानवाले. ते बसणार, आपली वेर्नाच्चा वाइन चाखणार, तिच्याबरोबर चार घास खाणार आणि जाताना बाटल्या घेऊन जाणार. ते चार घास कोण करणार, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "कशाबरोबर काय चालतं ते तू लिहून काढ. तुझ्या जिभेला जे कळतं ते अख्ख्या नुराकी गावात कुणाला कळत नाही."

कौतुक केलं की मी बैलासारखी राबते, हे माझ्या भावाला लहानपणापासून माहीत आहे. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी चौदाची. त्याला न्हाऊमाखू घालून मी वाढवला, त्यामुळे तो काहीही बोलला तरी मला गोडच लागतं. त्याच्या बायकोचं तसं नाही. मारिनेल्ला तोंड उघडते ती दुसऱ्याची हौस मोडायलाच. भर पंगतीत नवऱ्याला म्हणाली, "मग बोनारियाला पगार देणार आहेस ना?" मी काय या घरची मोलकरीण आहे? ताडकन उठले आणि ताटं उचलली.

तर लिहायला घेतलंय. पण कशाबरोबर काय चालतं याच्याआधी कुणाचं कुणाशी पटत नाही हेच लिहावंसं वाटतं, तेव्हा वहीचा अर्धा भाग माझा.

पहिलं: बोय माशाची गाभोळी, मीठ लावून वाळवलेली. पातळ कापायची, वर काही घालायचं नाही. लिंबू मागणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवावा.

आणि त्या मिलानवाल्यांना आधी हेही सांगावं लागेल की आमची वाइन उलट्या खोपडीची आहे. बाकीचे लोक पिंप काठोकाठ भरतात, आत हवा राहू नये म्हणून. आम्ही वर मुद्दाम जागा सोडतो. त्या मोकळ्या जागेत वाइनवर पांढरं फूल धरतं, दुधावर साय धरते तसं. चव येते ती त्या फुलामुळे: भाजलेल्या बदामाची आणि शेवटी कडसर. वर्षं जातात तशी वाइन आटत जाते आणि जेवढी आटते तेवढी चांगली होते. पिंप वरपर्यंत भरून टाकलं की फूल मेलंच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

१७ जानेवारी, शनिवार

संत अंतोनियोची होळी. चौकात एवढं लाकूड पेटवलं होतं की चर्चची भिंत तापली. अंगावर ठिणग्या, हातात पेला, आणि समोर शेजारच्या काब्रास गावचा अंतियोको. दर शुक्रवारी तीनचाकीतून आपल्याकडे मासे घेऊन येतो तो. विधुर आहे, मुलं परदेशी. हा माणूस वजन करताना पारडं नेहमी माझ्या बाजूला झुकवतो, एवढंच आजवर मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

जवळ आला, टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "बोनारिया, तुमचं पिंप अजून बंद आहे का?"

हा प्रश्न आमच्या गावांमध्ये वीस वर्षांच्या पोरींना विचारतात. मुलगी जन्मली की बाप त्या सुगीचं एक लहान पिंप तिच्या नावाने बाजूला ठेवतो आणि ते उघडतात तिच्या लग्नाला. तोवर तिने त्याला हात लावायचा नाही, वाजवूनसुद्धा बघायचं नाही. माझं कोपऱ्यात आहे, उत्तरेच्या भिंतीशी. बाबांनी बुचावर मेण ओतून स्वतःचा अंगठा दाबला होता. त्यांच्या अंगठ्यावर कोयता लागल्याचा आडवा वण होता, तोसुद्धा मेणात उठला होता. लहानपणी मी चवड्यांवर उभी राहून तो लांबूनच बघायची. या मुलीला मागणी येईल तेव्हा बघू, असं बाबा म्हणायचे. मग आई गेली, एलिजियो लहान, मग बाबांचं आजारपण, मग एलिजियोचं लग्न. मागणीला या घरात शिरायला वेळच मिळाला नाही.

मी म्हटलं, "बंद आहे. पण आतलं आता म्हातारं झालं असेल."

तो म्हणाला, "वेर्नाच्चा म्हातारीच प्यावी."

चोपन्नाव्या वर्षी मी होळीच्या उजेडात लाजले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण घोडं आलं तरी!

१ फेब्रुवारी, रविवार

अंतियोको रीतसर आला. कोट घालून, दाढी करून. हातात मेर्का: मिठाच्या पाण्यात उकडलेली बोय, तळ्याकाठच्या खाऱ्या गवतात गुंडाळलेली. फुलांचा गुच्छ आणला असता तर मी एवढी खूश झाले नसते.

रीत अशी की प्रश्न घरच्या कर्त्याला विचारायचा. अंतियोकोने उभं राहून विचारला, "एलिजियो, तुमच्या बहिणीचं पिंप बंद आहे ना?"

माझा भाऊ उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ बाहेर बघत होता. मग घसा साफ करून म्हणाला, "बंद आहे. बाबांनी ठेवलं तसंच."

त्याचा आवाज फाटला होता. मला भरून आलं. एवढा मोठा झाला तरी बहीण घर सोडून जाणार म्हटल्यावर याला तोंड लपवावं लागतं. इकडे याचे डोळे ओले आणि तिकडे स्वयंपाकघरात मारिनेल्लाने परात खाली टाकली. असा आवाज झाला की अंतियोको दचकला. मुद्दाम टाकली, दुसरं काय. फुकटची स्वयंपाकीण हातची जाणार म्हटल्यावर आदळआपट होणारच.

२२ फेब्रुवारी, रविवार

ओरिस्तानोला घोडेस्वारांची शर्यत बघायला गेलो. मुखवटा घातलेल्या स्वाराने भर धावत्या घोड्यावरून तलवारीच्या टोकाने दोरीला टांगलेली पत्र्याची चांदणी उचलली की ते वर्ष चांगलं जातं. आज बऱ्याच उचलल्या. माझंच वर्ष दिसतंय.

परत येताना एलिजियो म्हणाला, "लग्न सुगीच्या सुमाराला करू या. पाहुण्यांचा पहिलाच उन्हाळा आहे, तू नसलीस तर माझी अब्रू जाईल." मी हो म्हटलं. इतकी वर्षं थांबले, आणखी एक उन्हाळा काय जड आहे? अंतियोकोला सांगितलं तेव्हा तो टोपी फिरवत राहिला. म्हणाला, "तुमचा भाऊ तुम्हाला सोडेल तेव्हा खरं."

१९ मार्च, गुरुवार

आर्टिचोकच्या भाजीपुढे भल्याभल्या वाइन नांगी टाकतात, लोखंडासारख्या लागतात. आमची टाकत नाही. कडूला कडू भेटलं की दोघंही शहाण्यासारखी वागतात.

माझं नि मारिनेल्लाचं मात्र तसं होत नाही.

१३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

काल-परवा पहिले पाहुणे आले. मी केलेलं: भाजलेल्या रव्याच्या गोळ्या तिसऱ्यांच्या रश्श्यात, मेंढीचं जुनं चीज, शेवटी कडू बदामाची बिस्किटं वेर्नाच्चात बुडवून खायला. गाढवाच्या खोलीत माणसं बोटं चाटत होती. एलिजियो मधे उभा राहून "आमच्या घरचं, आमच्या घरचं" म्हणत होता. एका जर्मन बाईने विचारलं, हे कुणी केलं? तर मारिनेल्लाने माझा हात धरून ओढत मला बाहेर आणलं आणि सगळ्यांपुढे उभं केलं. एप्रनवर माशाचे खवले, केस विस्कटलेले. माणसं टाळ्या वाजवत होती. सर्कशीतल्या अस्वलासारखं वाटलं मला. ही बाई माझा तमाशा करायची एक संधी सोडत नाही.

मिकेला आली होती कालियारीहून, नवऱ्याला घेऊन. माझी भाची. आत्या आत्या करत दिवसभर माझ्या मागे. म्हणाली, "आत्या, तुझं पिंप उघडशील तेव्हा मला पहिला पेला." मी म्हटलं, "पहिला नवऱ्याचा, दुसरा तुझा." आणि मग तिच्या लग्नाची आठवण निघाली. सहा वर्षं झाली. सासरची माणसं मोठी, शहरातली, नाकाने कांदे सोलणारी. त्यांच्यापुढे मिकेलाचं पिंप उघडलं आणि एकेकाचा पेला दुसऱ्यांदा पुढे आला. काय वाइन होती! सोन्याच्या रंगाची, दाट, पेल्याच्या काचेला धरून ठेवणारी. भाजलेले बदाम, जुना मध, आणि शेवटी ते कडू, जिभेवर किती वेळ राहिलेलं. वाटायला मीच होते, टेबलाटेबलावर फिरून. स्वतःला तीनदा भरून घेतली. बाबांच्या हातची चव आहे, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. बाबा तर मिकेलाच्या जन्माआधीच गेलेले. पण एलिजियो त्यांच्याकडूनच शिकला ना.

नवल म्हणजे मिकेला जन्मली त्या वर्षी गारपिटीने मळा झोपला होता. द्राक्षं कुठली, देठं हातात आली. तरी असं पिंप उतरलं. देव देतो तेव्हा असा देतो. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, काय नशीब काढलंय पोरीने.

हे सगळं मी आज रंगवून सांगत होते तर मारिनेल्ला मधेच उठून गेली. एलिजियोने पाहुण्यांना बाटल्या दाखवायला घेतल्या. दुसऱ्याचा आनंद बघवत नाही काही जणांना.

३० मे, शनिवार

पिंपघर झाडताना आज वेडेपणा झाला. झाडूचा दांडा सुटला आणि नेमका माझ्या पिंपावर आपटला. हात नाही लागला माझा, दांडा लागला, तेव्हा अपशकुन धरायचा नाही. पण आवाज ऐकू आला तो आलाच. ठस्स. भरलेल्याचा आवाज. चोपन्न वर्षांत निम्मं तरी आटायला हवं होतं. पिंप पोकळ बोलायला हवं होतं.

मी तिथेच बसून विचार केला. उत्तरेची भिंत थंड, ऊन कधी लागत नाही. लाकूड जुनं, चेस्टनटचं, चांगलं जाड. आटलंच नसेल फारसं. बाबा प्रत्येक गोष्ट टिकाऊ करायचे. बरंच झालं, काब्रासची सगळी माणसं आली तरी पुरेल.

शेजारच्या रेमुंडामावशीला सांगितलं. नव्वदीला आली तरी तिची जीभ काही म्हातारी होत नाही. तिने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "पोरी, म्हातारं पिंप भरल्यासारखं वाजत नाही."

"माझं वाजतं, मावशी."

"मग ते म्हातारं नाही."

मी हसले. म्हटलं, "मावशी, तुझं पिंप तुझ्या लग्नात गळलं होतं असं ऐकलंय मी. आता माझ्यावर राग काढू नकोस." तिने हात झटकला आणि काठी टेकत निघून गेली. एलिजियोलाही सांगणार होते, पण तो दिवसभर मळ्यात औषध मारत होता. आणि सांगायचं तरी काय? पिंप भरलेलं आहे ही काय तक्रार झाली?

१२ जुलै, रविवार

अंतियोकोच्या घरी गेले, काब्रासला, तळ्याच्या काठावर. मारिनेल्लाला सोबत घ्यावं लागलं, लग्नाआधी एकटी कशी जाणार. त्याने वाम भाजली. सळईला एक तुकडा वामेचा, एक तमालपत्र, पुन्हा एक तुकडा. चरबी निखाऱ्यावर पडून चरचरत होती. वाइन त्याने कुठलीतरी साधी आणली होती. वेर्नाच्चा का नाही, विचारलं, तर म्हणाला, "तुझी पिईन तेव्हाच पिईन. तोवर माझा उपास." आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण तुझी म्हणालो. इतके महिने तुम्ही-तुम्ही चाललं होतं. दोघंही वामेकडे बघत बसलो.

परतीच्या वाटेवर मारिनेल्लाने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि सरळ बोलली, "बोनारिया, माझं एक ऐक. ते पिंप उघडू नका. लग्न कर, उद्या कर, पण ते पिंप राहू दे. एलिजियोच्या जुन्या पिंपातली वाइन घ्या, हवी तेवढी."

"का?"

ती स्टिअरिंगला धरून बसली. "कारण ते तुझ्या वडिलांचं आहे. आठवण म्हणून तसंच ठेव."

"माझ्या वडिलांनी ते माझ्या लग्नासाठी ठेवलंय, तुझ्या फडताळाची शोभा म्हणून नाही. तुझ्या पोरीचं उघडलं तेव्हा आठवण नाही आली कुणाची?"

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "एलिजियोला विचार. माझ्यासाठी एकदा त्याला नीट विचार."

काय विचारू? माझ्या भावाला मी ओळखते. ही बाई आली तेव्हापासून आम्हा बहीणभावांत पाचर मारायला बघते.

६ सप्टेंबर, रविवार

काब्रासची अनवाणी धाव संपली. काल गावातली पुरुष मंडळी पांढरे अंगरखे घालून देवाला खांद्यावर घेऊन रानातल्या देवळात धावत गेली, आज परत आणला. अंतियोको या वयातही धावला. तळव्यांत काटे भरले होते, मी बसून काढले. म्हणाला, "देवाला सांगितलं, हे शेवटचं. आता माझं घर सांभाळणारी येतेय, पाय शाबूत हवेत."

लग्न ३ ऑक्टोबरला ठरलं. रीतीप्रमाणे त्याआधीच्या शनिवारी, २६ला, दोन्ही घरांसमोर पिंप उघडायचं. एलिजियोला म्हटलं तर म्हणाला, "पाहुणे आहेत ग त्या दिवशी. नंतर बघू." मी म्हटलं, "पाहुण्यांना मी जेवायला घालेन, पण पिंप त्या दिवशीच उघडणार." बोलताना कान खाजवत होता, लहान असताना चूक झाली की खाजवायचा तसाच. थकलाय बिचारा. पाहुण्यांनी जीव खाल्लाय सगळ्यांचा.

२६ सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही.

मेणावर अंगठा होता. पण वण नव्हता.

२७ सप्टेंबर, रविवार

आज लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

काल सगळे पिंपघरात जमले होते. अंतियोको, त्याची बहीण, मिकेला, रेमुंडामावशी, चार शेजारी. मी मांडलं होतं: गाभोळी, मेर्का, बदामाची बिस्किटं. पहिल्यांदा मी माझ्या पिंपाला हात लावला. मेणावरून बोट फिरवलं. अंगठा उमटलेला होता, गुळगुळीत. आडवी रेघ नव्हती. मी पुन्हा फिरवलं. मग एलिजियोकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

तरी मी म्हटलं, उघडा. मला वाटतं तोवर मला सगळं कळलं होतं आणि तरी मी म्हटलं, उघडा.

बूच निघालं. वरपर्यंत भरलेलं. फूल नाही, वास नाही. अंतियोकोने नळी घालून पेला भरला. गढूळ, फिकट काहीतरी. मी घोट घेतला. वाइनही नाही आणि सिरकाही नाही. आंबट पाणी, त्याला लाकडाची कुबट चव. अंतियोकोच्या बहिणीने घेतला आणि पेला तसाच खाली ठेवला. तिच्या तोंडावर दिसत होतं की या घरची मुलगी कशी निघायची. अंतियोको मात्र आख्खा पेला प्यायला. तळापर्यंत. म्हणाला, "मला बोनारिया हवी होती, वाइन नाही." हे तो माझ्यासाठी म्हणाला, कळतं मला. पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला. मला हवी होती ती वाइन. माझ्या बापाने माझ्यासाठी ठेवलेली होती.

जाताना रेमुंडामावशीने नुसताच माझ्या गालावरून हात फिरवला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी एलिजियोला पिंपघरात गाठलं. "कधी?"

"मिकेलाच्या लग्नाला." तो पिंपाला टेकून उभा होता. "तिच्या वर्षी गारा पडल्या होत्या. तिचं पिंप नव्हतंच. रिकाम्या पिंपावर नाव घालून ठेवलं होतं मी. पुढच्या वर्षी भरू, पुढच्या वर्षी भरू म्हणत राहिलो. मग एकदम ती मोठी माणसं, तारीख ठरलेली… काय दाखवणार होतो मी त्यांना?"

"आणि माझ्यात काय भरलंस?"

"सहकारी संघाच्या दुकानातली साधी वाइन आणली. वरपर्यंत भरली, वाजवलं तर पोकळ लागू नये म्हणून."

बघा. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक. लपवायची म्हणून भरली, आणि भरली म्हणून मेली. थोडी जागा सोडली असती तर तिच्यावरही फूल धरलं असतं. सहा वर्षांत काहीतरी झालं असतं तिचं. पण त्याला माझ्या पिंपात नवीन काही व्हायला नकोच होतं. फक्त भरलेलं दिसायला हवं होतं.

मी विचारलं, "मला विचारलं का नाहीस? मी दिली असती. मिकेलासाठी मी नाही म्हटलं असतं का?"

तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. खोटं नाही बोलला. "बोनारिया, तुझं लग्न होईल असं कुणाला वाटलं होतं? वाया गेली असती ती."

ज्याला मी कडेवर घेऊन फिरले त्याने हे म्हटलं. त्यात कसलाही दुष्टपणा नव्हता. घरातल्या जुन्या कोटाबद्दल बोलावं तसा बोलला.

स्वयंपाकघरात मारिनेल्ला कांदा चिरत होती. डोळे लाल होते, कांद्याने किंवा कशाने. म्हणाली, "दर वर्षी त्याला सांगत होते, तिला सांग म्हणून. अंतियोको विचारायला आला त्या दिवशी तर वाटलं, आता तरी सांगेल. आणि हा म्हणतो, बंद आहे! माझ्या हातून परात सुटली."

"तू का नाही सांगितलंस?"

तिने सुरी खाली ठेवली. "मी सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?"

नसता ठेवला. तिला तोंडावर खोटारडी म्हटलं असतं आणि भावाची पाठ थोपटली असती. कांदे घेतले आणि दोघी चिरत बसलो.

संध्याकाळी पाहुणे होते. आठ जण, ऑस्ट्रियाहून. मी तिसऱ्या केल्या नाहीत. काहीच केलं नाही. एलिजियोने त्यांना ब्रेड आणि चीज दिलं.

४ ऑक्टोबर, रविवार. काब्रास

लग्न झालं. चर्च छोटं, पाऊस नाही, माझ्या अंगावर निळा पोशाख. पांढरा या वयात हसू करून घ्यायला कोण घालणार?

एलिजियो आला होता. दाराशी एक मोठी बाटली ठेवून गेला, त्याच्या सगळ्यात जुन्या पिंपातली. मी ती उघडली नाही. कुणाला देणारही नाही. ठेवून दिली आहे बादलीमागे.

जेवण अंतियोकोच्या माणसांनी केलं. भाजलेली बोय, वाम, डुकराचं पिल्लू, आणि प्यायला बिअर. गावातला एक म्हातारा काका, ऐकायला कमी येतं त्याला, टेबलाच्या त्या टोकावरून ओरडला, "अहो, नुराकीची नवरी आणि वेर्नाच्चा कुठाय? पिंप कुठाय हिचं?"

अंतियोकोच्या बहिणीने ताटात मान घातली. एलिजियो हातातला ब्रेड कुस्करत होता. मिकेला रडायलाच लागली, तिला आठवड्यापूर्वीच कळलंय. अंतियोको उठणार होता, मी त्याला खाली बसवलं.

मी म्हटलं, "माझी वाटून झाली, काका. सहा वर्षांपूर्वी. मीच वाटली."

त्याला नीट ऐकू आलं नसावं. त्याने कानामागे हात धरला. "चांगली होती का?"

"चांगली होती."

घरी आल्यावर अंतियोकोने विचारलं, खरंच कशी होती. या पृथ्वीवर ती चाखलेली मोजकीच माणसं आहेत आणि त्यातली मी एक. म्हणून सांगितलं त्याला. सोन्याच्या रंगाची, दाट. भाजलेले बदाम, जुना मध, आणि शेवटी ते कडू, कितीतरी वेळ जिभेवर राहणारं. मी तीनदा भरून घेतली होती आणि मनात म्हटलं होतं, काय नशीब काढलंय पोरीने.